इस्लाम समजून घेताना : श्रद्धा, आचार, शाखा आणि आपल्या गावची रीत

(हिंगोली जिल्ह्यात झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. उपशीर्षकं वाचकांच्या सोयीसाठी दिली आहेत.)

 

विषय मोठा आहे आणि वेळ तासाभराचा. म्हणून एकच प्रश्न धरून बोलतो.

दरवर्षी मोहरम आला की मोबाइलवर ‘मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा’ असे संदेश फिरू लागतात. पाठवणाऱ्याचं मन स्वच्छ असतं, त्यात शंका नाही. पण तोच संदेश एखाद्या शिया घरात गेला तर तिथं सुतक असल्यासारखं वातावरण असतं. सुन्नी घरात गेला तर तिथं कदाचित त्या दिवशी शांतपणे रोजा धरलेला असतो. आणि त्याच वेळी आपल्या गावात सवारी निघालेली असते, हलगी-ताशा वाजत असतो, आयाबाया पंज्यावर पाणी घालत असतात. त्यात अर्ध्याहून जास्त माणसं हिंदू. तेवढ्यात गावातलाच एखादा मुसलमान तरुण म्हणतो, ‘हे सगळं इस्लाममध्ये नाहीच.’ त्याचे आजोबा म्हणतात, ‘आम्ही काय मग मुसलमान नव्हतो का?’

आता यात खरं कोणाचं? माझं म्हणणं असं की, हे सगळे वेगवेगळ्या थरावरून बोलताहेत. इस्लाम म्हणून जे आपल्याला दिसतं त्यात चार थर आहेत. पहिला श्रद्धेचा. दुसरा उपासनेचा, म्हणजे नमाज-रोजाचा. तिसरा शास्त्राच्या निर्णयाचा, म्हणजे विवाह, तलाक, वारसा यांबद्दल विद्वानांनी काय ठरवलं त्याचा. आणि चौथा गावच्या रीतीचा. वरच्या थरावर जगभरातले मुसलमान जवळजवळ एकमतानं उभे आहेत. जसजसं खाली यावं तसतसे फरक वाढत जातात. कोणी म्हटलं ‘इस्लाम असं सांगतो’, तर आपण विचारायचं, ‘कोणत्या थरावर?’ एवढा एक प्रश्न आज घरी घेऊन गेलात तरी माझं काम झालं.

ही काही पुस्तकी हौस नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती आणि त्यात साधारण दहातला एक माणूस मुसलमान. शाळेत, बाजार समितीत, दवाखान्यात, बांधाला बांध लागून आपण एकत्र आहोत. साने गुरुजींनी इस्लामी संस्कृतीवर मराठीत पुस्तक लिहिलं, विनोबांनी अरबी शिकून कुराणाचा अभ्यास केला आणि त्याचं सार काढलं. आपल्याच भागात नांदापूरला जन्मलेल्या नरहर कुरुंदकरांनी या विषयावर परखडपणे लिहिलं आणि बोलले. तेव्हा मराठीत ही वाट नवीन नाही. आपण ती चालायची सोडली, एवढंच.

पहिला थर : श्रद्धा

मुहम्मद पैगंबरांचा जन्म मक्केत, साधारण इसवी सन ५७० मध्ये. वयाच्या चाळिशीत, ६१० च्या सुमारास, हिरा नावाच्या गुहेत त्यांना पहिला दैवी संदेश मिळाला, अशी श्रद्धा आहे. त्या संदेशाचा पहिला शब्दच ‘वाच’ असा होता. ६२२ मध्ये मक्केतल्या छळामुळं ते मदिनेला गेले. त्या स्थलांतराला हिजरत म्हणतात आणि तिथून हिजरी सन मोजतात. ६३२ मध्ये त्यांचं निधन झालं. बावीस-तेवीस वर्षांत जे संदेश आले ते म्हणजे कुराण. त्यात ११४ सूरा, म्हणजे अध्याय आहेत.

श्रद्धेचा गाभा तौहीद, म्हणजे ईश्वर एक आहे, त्याच्यासारखा कोणी नाही, त्याच्या सत्तेत कोणी भागीदार नाही. कलम्याचा अर्थ तेवढाच आहे : अल्लाहशिवाय कोणी उपासनेला पात्र नाही आणि मुहम्मद हे त्याचे प्रेषित आहेत. इथं लक्षात घ्या, पैगंबर हे माणूसच आहेत. त्यांची पूजा होत नाही. त्यांचं चित्र किंवा मूर्ती करत नाहीत त्यामागं हेही एक कारण आहे. आदर वाढत वाढत पूजेपर्यंत जाऊ नये, ही काळजी.

सुन्नी परंपरेत श्रद्धेच्या सहा गोष्टी सांगतात. एक अल्लाह, त्याचे फरिश्ते, त्याचे ग्रंथ, त्याचे प्रेषित, कयामतचा दिवस आणि तकदीर. ग्रंथ म्हटलं की फक्त कुराण नव्हे. मूसांना मिळालेली तौरात, दाऊदांना मिळालेलं जबूर, ईसांना मिळालेली इंजील हेही ईश्वराकडूनच आले असं मानलं जातं. म्हणजे ज्यूंचे मोझेस आणि ख्रिश्चनांचे येशू हे मुसलमानांचेही प्रेषित आहेत. आपल्याकडं ‘मूसा’, ‘ईसा’, ‘याकूब’ ही नावं ऐकतो, ती तिथूनच आली.

शिया परंपरेत मूळ तत्त्वं पाच सांगतात : ईश्वराचं एकत्व, ईश्वराचा न्याय, प्रेषितत्व, इमामत आणि कयामत. बारकाईनं पाहिलं तर वेगळी पडणारी मुख्य गोष्ट ‘इमामत’. तिच्याकडं पुढं येतो.

दुसरा थर : उपासना

इस्लामचे पाच स्तंभ आपण शाळेत पाठ केलेत. कलमा, नमाज, रोजा, जकात, हज. पण पाठ करण्यापेक्षा हिंगोलीत ते कसे दिसतात ते पाहू.

नमाज पाच वेळची. पहाटे फजर, दुपारी जोहर, दुपार उतरताना असर, सूर्य मावळल्यावर मगरिब आणि रात्री इशा. वेळा घड्याळावर नाहीत, सूर्यावर आहेत, म्हणून वर्षभर थोड्या थोड्या सरकतात. तोंड मक्केतल्या काबागृहाकडं. आपल्या इथून ती दिशा पश्चिम, किंचित उत्तरेकडं झुकलेली. कब्रस्तानात कबरी उत्तर-दक्षिण का असतात, याचंही उत्तर तेच. डोकं उत्तरेला ठेवून चेहरा पश्चिमेकडं करतात.

रोजाचं गणित आपल्याला पंचांगावरून चांगलं समजेल. आपले महिनेही चांद्र आणि त्यांचेही चांद्र. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. आपण काय करतो? साधारण तीन वर्षांनी अधिक महिना घालतो, म्हणून दिवाळी कायम कापूस-सोयाबीनच्या हंगामातच येते. इस्लाममध्ये असा जादा महिना घालायला कुराणानंच मनाई केली आहे. म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं येतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. २०१८ साली तो मेच्या मध्यात सुरू झाला होता. आपल्याकडचा मे, आणि पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत साडेचौदा तास पाण्याचा थेंब नाही! २०३० साली मात्र इंग्रजी वर्षात रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा. तेव्हा रोजा सव्वाबारा तासांवर येईल. कोणत्याच देशाच्या वाट्याला कायमचा कडक किंवा कायमचा सोपा रोजा येत नाही, हा त्या पद्धतीचा परिणाम.

आणि दिवस सुरू होतो सूर्यास्ताला. म्हणून चंद्र दिसला की त्याच रात्री तरावीहची नमाज सुरू होते आणि रोजा दुसऱ्या पहाटेपासून.

रोजा सगळ्यांवर सारखा नाही, हे दवाखान्यात काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. आजारी माणूस, प्रवासी, गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई यांना सवलत आहे. राहिलेले रोजे नंतर भरून काढता येतात. कायमचा आजार असेल, रोजा झेपणारच नसेल, तर प्रत्येक रोजामागं एका गरिबाला जेवू घालायचं, त्याला फिदिया म्हणतात. मधुमेहाचा रुग्ण हट्टानं रोजा धरत असेल तर डॉक्टरांनी धर्मावर टीका करायची गरज नाही. धर्मानंच सवलत दिली आहे, एवढं आठवण करून द्यावं. मशिदीतल्या इमाम साहेबांची मदत घ्यावी. बहुतेक वेळा ते हेच सांगतील.

आता जकात. दान वेगळं आणि जकात वेगळी. दान मनावर आहे, जकात बंधनकारक आहे. ज्याच्याकडं ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त संपत्ती वर्षभर राहिली, त्यानं तिचा चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के काढायचा. मर्यादा साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी. मर्यादेवरच्या माणसाकडं शिल्लक एक लाख असेल तर त्यावर अडीच हजार. राहतं घर, रोजच्या वापरातल्या वस्तू यात धरत नाहीत.

शेतकऱ्यांसाठी सांगतो. पिकावरचा हिस्सा वेगळा, त्याला उश्र म्हणतात. पावसाच्या पाण्यावर आलेल्या पिकाचा दहावा भाग आणि कष्टानं पाणी देऊन काढलेल्या पिकाचा विसावा. म्हणजे जिरायतीला दहावा, बागायतीला विसावा. विहीर खोदली, मोटर बसवली, दारं धरली, तर त्याचा खर्च आणि घाम हिशोबात धरला आहे. वसमतकडचा हळद लावणारा माणूस हे तत्त्व एका वाक्यात समजेल. भारतातल्या जमिनीवर उश्र लागू आहे का, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण तत्त्व असं आहे.

हज ऐपत असेल तर आयुष्यातून एकदा. त्याच दिवसांत इकडं बकरी ईद असते, इब्राहिमांच्या त्यागाची आठवण.

फाटा कुठं फुटला : सुन्नी आणि शिया

इथपर्यंत फरक कमी होते. आता शाखांकडं येऊ.

६३२ मध्ये पैगंबर गेले आणि प्रश्न उभा राहिला, समाजाचं नेतृत्व कोणी करायचं? मदिनेतल्या ज्येष्ठांनी अबू बक्र यांना निवडलं. त्यांच्यानंतर उमर, मग उस्मान आणि चौथे अली. अली हे पैगंबरांचे चुलतभाऊ आणि जावई. काही जणांचं म्हणणं असं की, पहिल्यापासून हक्क अलींचाच होता, कारण पैगंबरांनीच त्यांना नेमलं होतं. अलींचा पक्ष म्हणजे ‘शियाने अली’, त्यातून शिया शब्द आला. पैगंबरांची ‘सुन्नत’, म्हणजे आचरणाची वाट, आणि समाजाची एकी यांवर भर देणारे ते सुन्नी. आज जगातल्या मुसलमानांत शिया साधारण दहा ते पंधरा टक्के, बाकी बहुतेक सुन्नी.

हा फक्त गादीचा वाद असता तर तो विझला असता. तो विझला नाही, कारण पुढं करबला घडलं. ६६१ मध्ये अलींची हत्या झाली. सत्ता दमास्कसच्या उमय्या घराण्याकडं गेली आणि पुढं यजीद गादीवर बसला. अलींचे धाकटे चिरंजीव, म्हणजे पैगंबरांचे नातू इमाम हुसैन यांनी त्याची निष्ठा मान्य केली नाही. इसवी सन ६८०, हिजरी ६१, मोहरमची दहा तारीख. इराकमध्ये करबलाच्या मैदानात हुसैन आणि त्यांचे मोजके साथीदार, परंपरा बहात्तर सांगते, पाण्यावाचून कोंडले गेले आणि मारले गेले. नदी जवळ, पण पाणी बंद. मोहरममध्ये जागोजागी सरबत आणि पाणी वाटतात, पंज्यावर पाणी घालतात, त्यामागं ही तहान आहे.

हुसैनांच्या बलिदानाचा आदर सुन्नीही करतात, हे नीट ऐका. आपल्याकडं सुन्नीही सहसा यजीदाच्या नावानं मुलाचं नाव ठेवायला जात नाहीत. हसन, हुसैन, अली, फातिमा ही नावं मात्र घरोघर आहेत. फरक आहे तो पाळण्याच्या पद्धतीत. शियांसाठी ते शोकाचे दिवस : मजलिस, मातम, काळे कपडे. सुन्नींकडं दहा मोहरमला, बहुधा नऊ किंवा अकरासह, रोजा धरतात. त्याला आणखी एक आठवण जोडलेली आहे, त्या दिवशी मूसांची आणि त्यांच्या लोकांची फिरऔनपासून सुटका झाली अशी.

शियांच्या मते अलींपासून इमामांची परंपरा चालते. बारा इमाम मानणारे ते इस्ना अशरी, इराण-इराकमध्ये बहुसंख्य तेच. सहावे इमाम जाफर सादिक ७६५ मध्ये गेले, त्यांच्या पुढच्या वारसावरून इस्माइली शाखा वेगळी झाली. मुंबईतले दाऊदी बोहरा आणि आगाखानी खोजे हे त्या शाखेतले. आपल्या बाजारात बोहरी माणसाचं हार्डवेअरचं दुकान दिसलं आणि त्याची टोपी, त्याची तारीख वेगळी दिसली, तर कारण हे आहे. त्यांचं पंचांग गणितावर ठरतं, म्हणून त्यांची ईद बहुतेकदा एक-दोन दिवस आधी असते.

तिसरा थर : शास्त्राचा निर्णय

आता येतो तो थर, जिथं माणसाचं, विशेषतः बाईचं आयुष्य पणाला लागतं.

कुराण आणि पैगंबरांचं आचरण हे आधार. पण रोज नवे प्रश्न येतात. त्यांचे निर्णय विद्वानांनी दिले आणि त्यांतून सुन्नींमध्ये चार पंथ झाले, त्यांना मजहब म्हणतात. अबू हनीफा यांचा हनफी, इमाम मालिक यांचा मालिकी, इमाम शाफई यांचा शाफई आणि अहमद बिन हंबल यांचा हंबली. चौघंही आठव्या-नवव्या शतकातले. चारही पंथ एकमेकांना बरोबर मानतात. आपल्या मराठवाड्यातले बहुतेक सुन्नी हनफी. कोकणातले मुसलमान मात्र शाफई, कारण त्यांचा संबंध समुद्रमार्गे अरबांशी आला. एकाच महाराष्ट्रात दोन मजहब. रत्नागिरीचा माणूस नमाजमध्ये ‘आमीन’ मोठ्यानं म्हणेल, हिंगोलीचा मनात म्हणेल. असरची वेळ कोकणात लवकर, आपल्याकडं थोडी उशिरा.

हे किरकोळ झालं. आता मोठं उदाहरण. नवरा बेपत्ता झाला तर बायकोनं किती दिवस वाट पाहायची? जुन्या हनफी मतानुसार, त्याच्या वयाची माणसं हयात नसतील इतका काळ जाईपर्यंत. म्हणजे बाईनं जन्मच काढायचा! मालिकी मतानुसार चार वर्षं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबात अशा अडकलेल्या काही बायकांनी सुटकेसाठी धर्मच सोडायला सुरुवात केली. तेव्हा देवबंदच्या परंपरेतले मोठे हनफी विद्वान मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी मताचा आधार घ्यायची वाट दाखवली. पुढं १९३९ साली मुस्लिम विवाह विच्छेद कायदा झाला आणि त्यात नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल तर पत्नीला न्यायालयातून विवाह मोडता येईल, असं आलं. ते चार वर्षं कुठून आले, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

दुसरं उदाहरण एका दमात दिलेल्या तीन तलाकचं. हनफी विद्वान त्याला पाप म्हणत, चुकीची रीत म्हणत, पण लागू झाला असं मानत. अहले हदीस तीन वेळा उच्चारलेलं एकदाच धरत, म्हणजे समेटाला जागा उरत असे. शिया कायद्यात असा तलाक होतच नाही, तिथं साक्षीदार लागतात. म्हणजे बघा, एकाच गल्लीत तीन घरं. तिन्ही घरांत नवऱ्यानं रागात तेच शब्द उच्चारले. एका बाईचा संसार मोडला, दोघींचा नाही. तेव्हा ‘इस्लाममध्ये तीन तलाक आहे’ हेही अर्धवट आणि ‘इस्लाममध्ये तीन तलाक नाही’ हेही अर्धवट.

या प्रश्नावर महाराष्ट्रात आवाज जुना आहे. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला आणि १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. दलवाईंची भूमिका शास्त्राच्या आत राहून बदल करण्याची नव्हती, ते सर्वांना समान नागरी कायदा मागत होते. पुढं २२ ऑगस्ट २०१७ ला शायरा बानो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तीन विरुद्ध दोन मतांनी असा तलाक रद्दबातल ठरवला आणि २०१९ च्या कायद्यानं तो गुन्हा झाला. कायदा पटो वा न पटो, आज कोणत्याही मजहबच्या नवऱ्यानं असा तलाक दिला तरी विवाह मोडत नाही. गावातल्या प्रत्येक बाईला एवढं माहीत असायला हवं.

दर्गा आणि मशीद

सुफी ही वेगळी शाखा नाही. सुफी म्हणजे आतून, प्रेमातून ईश्वराकडं जाण्याची वाट. दिल्लीचे निजामुद्दीन औलिया १३२५ मध्ये गेले. त्यांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब दौलताबादला आले. त्यांची कबर खुलताबादला आहे. काळ लक्षात घ्या, आपल्या नरसीच्या नामदेव महाराजांचाच काळ तो. सुफींच्या दर्ग्यांनी दख्खनमध्ये इस्लाम लोकांच्या ओळखीचा केला. परभणीचा तुराबुल हक यांचा उरूस दरवर्षी फेब्रुवारीत भरतो, त्याला हिंगोलीकडून जाणाऱ्यांत कोण कोण असतं ते तुम्हाला माहीत आहे.

पण दर्ग्यावरूनच आजचा वाद आहे. १८६६ मध्ये देवबंदचा मदरसा निघाला. त्या परंपरेत कबरीवर चादर, नवस, उरुसाचा थाट यांना विरोध आहे, कारण मागायचं ते फक्त अल्लाहकडं. बरेलीचे अहमद रझा खान, ज्यांचं निधन १९२१ मध्ये झालं, त्यांनी दर्ग्याचा आदर, पैगंबरांच्या जन्माचा उत्सव, फातिहा यांचं समर्थन केलं. या मताच्या लोकांना बरेलवी म्हणतात, ते स्वतःला अहले सुन्नत म्हणवतात. हे दोघंही सुन्नी, दोघंही हनफी, हे विसरू नका. तबलीगी जमात देवबंदच्या विचारातून १९२० च्या दशकात मेवातमध्ये मौलाना इलियास यांनी सुरू केली. मुसलमानांनीच नमाजला यावं, एवढा तिचा आग्रह. आणि अहले हदीस चारही मजहबांचं बंधन न मानता थेट कुराण-हदीसकडं जातात.

चौथा थर : गावची रीत

आता पुन्हा मोहरमकडं येऊ. आपल्याकडचे मुसलमान बहुतेक सुन्नी, मग हुसैनांचे पंजे इतके गावोगाव कसे? उत्तर इतिहासात आहे. सोळाव्या शतकात अहमदनगरच्या निजामशाहीनं शिया पंथ स्वीकारला, गोवळकोंड्याची कुतुबशाही शिया होती, विजापूरला काही आदिलशहा शिया होते. त्यांच्या काळात दख्खनमध्ये आशुरखाने उभे राहिले. पुढं आसफजाही निजाम सुन्नी, पण त्यांनी ही प्रथा मोडली नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो.

मग लोकांनी त्यात आपलं घातलं. पीर बसवणं, नवसाला फकीर होणं, मलिदा, अंगावर वाघाचे पट्टे, अलाव्याभोवती नाच. मराठवाड्यात अशीही गावं आहेत जिथं मुसलमानाचं घर नाही, पण सवारी उठते. हे शिया धर्मशास्त्रातही नाही आणि सुन्नी धर्मशास्त्रातही नाही. ही दख्खनची रीत आहे. मघाचा तो तरुण म्हणतो की हे इस्लाममध्ये नाही, तर शास्त्राच्या थरावर त्याचं बरोबर आहे. तौहीद ज्याच्या श्रद्धेचा गाभा आहे त्याला पंज्यापुढं हात जोडणं खटकणारच. तो काही गावापासून तुटायला निघालेला नाही. आणि आजोबाही बरोबर आहेत, कारण ते शास्त्राबद्दल बोलत नाहीत, गावातल्या नात्याबद्दल बोलताहेत. मला काळजी वाटते ती इतकीच की, नातवानं सवारी सोडली की गावाला वाटतं हा आपल्याला सोडून चालला, आणि गावानं ताशा मोठा केला की नातवाला वाटतं आपला शोक कोणाला कळतच नाही. दोघंही गप्प राहतात. ते बोलायला हवेत. सवारी सोडली तरी सरबताची टाकी दोघं मिळून मांडू शकतात. तहानलेल्याला पाणी द्यायला कोणत्याही थराची हरकत नाही.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*प्रश्न : मग मोहरमला काय म्हणायचं, सर?*

शुभेच्छा नकोत. ज्याला ओळखता त्याच्या घरी जाऊन बसलात तरी पुरे. दोन्ही ईदला ‘ईद मुबारक’ म्हणा, शिरखुर्मा खा.

*प्रश्न : इस्लाममध्ये जात नाही म्हणता, मग आमच्या गावात बागवान, पिंजारी, कसाई वेगळे कसे?*

श्रद्धेच्या थरावर जात नाही. मशिदीत रांगेत कोण कोणाशेजारी उभं राहील याला बंधन नाही. पण लग्नाच्या वेळी बिरादरी पाहतात, हे खरं आहे. तो रीतीचा थर आहे आणि तो आपल्या समाजातूनच आलेला आहे. म्हणूनच महाराष्ट्रात अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या इतर मागासवर्गात आहेत. तत्त्व आणि व्यवहार यातलं अंतर मुसलमानांच्या घरातच आहे असं नाही. ते आपण आपल्या अंगणातही मोजावं.

*प्रश्न (एका ताईंचा) : बायकांना मशिदीत जायला बंदी आहे का?*

ताई, मक्केच्या मशिदीत बायका नमाज पढतात. पैगंबरांच्या काळात मदिनेतही पढत. भारतातल्या हनफी विद्वानांनी बायकांनी घरीच पढावं असं सुचवलं आणि हळूहळू जागाच ठेवली नाही. पुण्यातल्या एका दाम्पत्यानं २०१९ मध्ये यावर सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०२० मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं न्यायालयाला लिहून दिलं की, बायकांना मशिदीत नमाजला जायची मुभा आहे, फक्त पुरुषांसारखी जमातीनं नमाज त्यांच्यावर सक्तीची नाही. म्हणजे बंदी श्रद्धेची नाही. जागा करायची की नाही, ते मशिदीच्या कमिटीच्या हातात आहे. तिथं विचारायला हरकत नाही.

*प्रश्न : दवाखान्यात मयत झाली की लोक घाई का करतात?*

कारण दफन लवकर करावं असा दंडक आहे. आधी गुसल, म्हणजे अंघोळ, मग कफन, मग जनाजाची नमाज, मग माती. तपासणी कायद्यानं गरजेची असेल तर ती करावीच लागते. पण कागदपत्रांसाठी विनाकारण ताटकळत ठेवू नये आणि किती वेळ लागेल ते आधी सांगावं. अर्ध्या तक्रारी तिथंच मिटतात.

वेळ संपली आहे, मशिदीतून अजानही होईल आता. ज्यांना नमाजला जायचंय त्यांनी निःसंकोच उठावं. बाकीच्यांचे प्रश्न मी खाली उतरून घेतो.